श्वासाची मोजणी खरी कशी ठरते

मोजणीविषयीं शेतकऱ्यांस कोणी नव्यानें सांगावें असें फारसें उरलेलें नाहीं. साखळी सैल धरली, खुणेचा दगड हललेला असला, किंवा मोजणीदार उन्हास कंटाळून झाडाखालीं बसूनच नकाशा पुरा करूं लागला, तर पुढें दोन पिढ्या कज्जे चालतात हें सर्वांच्या अनुभवाचें आहे. प्रस्तुत लेखांत ज्या मोजणीविषयीं लिहावयाचें आहे ती जमिनीची नसून श्वासाची आहे. अलीकडे गांवोगांव आरोग्याच्या पाहण्या होतात. त्यांत माणसाच्या तोंडांत एक नळी देऊन जोरानें फुंकावयास सांगतात आणि यंत्रावर उमटलेला आंकडा नोंदून घेतात. हा आंकडा कशाचा, तो खरा केव्हां मानावा, आणि हजारों माणसांच्या पाहणींत तो खरा राहावा म्हणून काय काय खटपट करावी लागते, हें सभासदांपुढें मांडण्याचा विचार आहे. मी वैद्य नव्हे. महसूल खात्यांत कारकुनी करून निवृत्त झालेला गृहस्थ आहे. परंतु आंकडा कसा जन्मास येतो व वाटेंत कसा बिघडतो हें तीस वर्षें जवळून पाहिलें असल्यामुळें, आणि घरांतच एक प्रसंग घडल्यामुळें, या विषयाची माहिती मीं मिळवीत गेलों.

माझ्या थोरल्या वहिनीनें साठी ओलांडली आहे. विडी-तंबाखूशीं तिचा संबंध कधीं आला नाहीं. परंतु चाळीस वर्षें तिनें काटक्या, गोवऱ्या व तुराट्या यांच्या धुरांत दोन्ही वेळचा स्वयंपाक केला. चढावर दम लागणें व पहांटे खोकल्याची उबळ येणें असा त्रास तिला सुरू झाला, त्याच सुमारास आमच्या गांवीं एका संस्थेची आरोग्यपाहणी आली. शाळेच्या पडवींत बायका रांगेनें बसविल्या होत्या. यंत्रापाशीं एक विशी-बाविशीचा मुलगा होता. "आजी, यांत फुंका," एवढेंच तो म्हणाला. समोर गांवचे चार पुरुष उभे. वहिनीनें पदर सांवरला, मान खालीं घातली आणि हलकेंच फुंकलें. त्यानें आंकडा लिहिला, "छान आहे" म्हणून कागद दिला आणि पुढच्या बाईस हांक मारली. घरीं आल्यावर ती मला म्हणाली, "भाऊजी, दिवा मालवायला सुद्धां याहून जोर लागतो हो."

सहा महिन्यांनीं दम वाढला तेव्हां मी तिला शहरांतील एका रुग्णालयांत घेऊन गेलों. तेथें तपासणी करणारी बाई निराळीच होती. तिनें वहिनीस हात असलेल्या खुर्चींत ताठ बसविलें, पाय जमिनीवर टेकविले, नाकास चाप लावला, प्रथम स्वतः फुंकून दाखविलें आणि मग दारापर्यंत ऐकूं जाईल अशा आवाजांत, "घ्या, घ्या, अजून आंत घ्या, आतां सोडा जोरानें! थांबूं नका, अजून, अजून, अजून," असें म्हणत तिच्याकडून पांच वेळां फुंकवून घेतलें. दोन्ही कागद माझ्यापाशीं आहेत. गांवच्या कागदावर एकूण हवा १.४८ लिटर व पहिल्या सेकंदाची हवा १.१९ लिटर, शहरच्या कागदावर एकूण १.९४ व पहिल्या सेकंदाची १.२२. पहिल्या कागदावर 'अडथळा नाहीं' असा शेरा होता. दुसऱ्यावर अडथळा असल्याचा.

आतां या दोन आंकड्यांचा अर्थ पाहूं. छातींत मावेल तेवढी हवा आंत घेऊन ती जोरानें व अगदीं शेवटपर्यंत बाहेर सोडली म्हणजे जी एकूण हवा निघते तिला डॉक्टर एफ.व्ही.सी. म्हणतात. त्यांपैकीं पहिल्या एका सेकंदांत जेवढी निघते तिला एफ.ई.व्ही.वन म्हणतात. आपण त्यांस सोयीसाठीं एकूण फुंकर व पहिल्या सेकंदाची फुंकर म्हणूं. विहिरीवरच्या हौदाची उपमा येथें चांगली लागू पडते. हौद किती मोठा हें एकूण फुंकरीवरून कळतें. आणि तोटींत गाळ बसला आहे कीं नाहीं हें, पहिल्या क्षणांत पाणी किती वेगानें पडतें यावरून कळतें. धुरानें, विडीनें, धुळीनें वा दम्यानें श्वासनलिका आंतून अरुंद झाल्या कीं हौद पूर्वींएवढाच असला तरी तो रिकामा होण्यास वेळ लागतो. म्हणून पहिल्या सेकंदाच्या फुंकरीस एकूण फुंकरीनें भागतात. श्वासनलिका रुंद करणारें औषध हुंगावयास देऊन पंधरा मिनिटांनीं पुन्हां तपासल्यावरहि हें गुणोत्तर ०.७० च्या खालीं राहिलें, तर श्वासनलिकांचा कायमचा अडथळा, म्हणजे ज्यास सी.ओ.पी.डी. म्हणतात तो रोग, असल्याचें बहुधा धरतात. ही ०.७० ची रेघ सर्व वयांस सारखीच लावावी कीं वयाप्रमाणें बदलावी याविषयीं तज्ज्ञांत मतभेद आहे.

वहिनीच्या आंकड्यांचा भागाकार करून पाहावा. गांवांत १.१९ भागिलें १.४८, म्हणजे ०.८०. शहरांत १.२२ भागिलें १.९४, म्हणजे ०.६३, औषधानंतरहि ०.६४. पहिल्या सेकंदाचा आंकडा दोन्हीकडे जवळजवळ एकच आहे. फरक पडला तो एकूण फुंकरींत, कारण गांवांत तिनें दोन सेकंदांतच तोंडांतली नळी काढली होती. हौद पुरता रिकामा होण्यापूर्वींच मोजणी थांबविली. हौद लहान दिसला, आणि लहान हौदाच्या मानानें तोटी पुरेशी मोकळी दिसली. ही गोष्ट वाचकांनीं विशेष लक्षांत ठेवावी. अर्धवट फुंकलें तर माणूस आहे त्याहून आजारी दिसेल असें आपणांस वाटतें. येथें रोगी मनुष्य निरोगी ठरला. आणि ज्यांच्या श्वासनलिका अरुंद झालेल्या असतात त्यांनाच हवा संपविण्यास दहा-दहा, पंधरा-पंधरा सेकंद लागतात, म्हणजे घाईच्या मोजणींत नेमके तेच फसतात. माझ्या वहिनीचें नुकसान सहा महिन्यांचें झालें. परंतु त्याच पडवींत त्याच मुलानें त्या दिवशीं कित्येकांस फुंकावयास लावलें होतें, आणि त्या सर्वांचे आंकडे पुढें कोठेंतरी एका बेरजेंत गेले असतील.

ही बेरीज कशासाठीं लागते तें सांगतों. सन २०१६ मध्यें भारतांत सुमारें साडेपांच कोटि लोकांस हा अडथळ्याचा रोग होता असा अंदाज प्रसिद्ध झालेला आहे. असे अंदाज नाडी पाहून होत नाहींत, किंवा "दम लागतो काय?" एवढें विचारूनहि होत नाहींत, कारण पुष्कळ लोक दम लागणें हें वयाचेंच लक्षण समजून गप्प राहतात. त्यासाठीं निवडलेल्या गांवांतील व शहरांतील लोकांस फुंकावयास लावूनच मोजावें लागतें. औषधें कोणत्या जिल्ह्यांत किती पाठवावीं, धूर नसलेल्या शेगड्यांवर पैसा खर्च करावा कीं नाहीं, मळणीच्या धुळीचा दोष किती व तंबाखूचा किती, हे निर्णय शेवटीं अशा फुंकरींच्या नोंदवहीवर अवलंबून असतात.

श्वास मोजण्याची युक्ति मात्र नवी नाहीं. लंडन येथील शल्यवैद्य जॉन हचिन्सन यानें १८४६ सालीं आपल्या यंत्राचें वर्णन प्रसिद्ध केलें. पाण्यांत उपडें ठेवलेलें व दोरीनें तोललेलें एक भांडें, त्यांत नळीनें फुंकलें म्हणजे भांडें वर उचललें जाई व पट्टीवर माप कळे. खलाशी, पोलीस, छापखान्यांतील कामगार, निर्धन लोक आणि बडे गृहस्थ अशा दोन हजारांहून अधिक माणसांस त्यानें फुंकावयास लावलें. पांच ते सहा फूट उंचीच्या माणसांत उंचीच्या दर इंचामागें आठ घन इंच हवा अधिक निघते असा नियम त्यास आढळला. आणि विशेष हें कीं, हें माप साठ अंश फॅरनहाइट उष्णतेवरचें आहे हें सांगावयास तो विसरला नाहीं. पहिल्या सेकंदाची हवा निराळी मोजण्याची कल्पना फ्रान्समधील रोबेर तिफनो यानें १९४७ सालीं पुढें आणली.

हचिन्सननें उष्णता कां नोंदली? छातींतली हवा सदतीस अंश सेल्सिअसची व बाष्पानें भरलेली असते. ती बाहेरच्या थंड भांड्यांत आली कीं आकुंचन पावते. बाहेर वीस अंश असतील तर आंत असलेली हवा मापल्याहून सुमारें शेंकडा दहा अधिक धरावी लागते. तीस अंश असतील तर शेंकडा साडेचार-पांच. म्हणजे पौषांतल्या सकाळीं तपासणी सुरू केली, उष्णता यंत्रांत एकदां भरली आणि दुपारीं ती बदलली नाहीं, तर सकाळचा गांव व दुपारचा गांव यांच्या छातींत शेंकडा पांचांचा फरक पडेल. आजचीं बरींच यंत्रें हवेचा वेग मोजून त्यावरून माप काढतात व हा हिशेब स्वतःच करतात. तरी त्यांतील उष्णतामापक खरा आहे कीं नाहीं हें कोणीतरी पाहावेंच लागतें.

यंत्राची रोजची परीक्षा ही पहिली पायरी होय. तीन लिटर हवा मावणारा एक मोठा पिचकारीसारखा नळा असतो. रोज काम सुरू करण्यापूर्वीं त्यानें यंत्रांत हवा ढकलावयाची, एकदां हळू, एकदां मध्यम, एकदां जोरांत. आणि दर वेळीं यंत्रानें तीन लिटर दाखविले पाहिजेत. शेंकडा तीनहून अधिक चूक दिसली तर त्या दिवशीं त्या यंत्रावर कोणासहि फुंकवूं नये. वजनकांट्याची पारख प्रमाण वजनानें करावी तसाच हा प्रकार आहे. परंतु प्रमाण वजनहि गंजतें. नळ्याचा दट्ट्या झिजून हवा गळूं लागली, किंवा नळा गाडीच्या टपावर उन्हांत राहिला व यंत्र सावलींत, तर परीक्षाच खोटी होते. म्हणून नळ्याचें तोंड बंद करून दट्ट्या ढकलून पाहावा, तो गळत नाहीं याची खात्री मधूनमधून करावी, आणि नळा व यंत्र एकाच जागीं ठेवावें. याखेरीज पथकांतील एखाद्या निरोगी माणसानें आठवड्यांतून एकदां स्वतः फुंकून आपला आंकडा वहींत लिहावा, अशीहि चाल आहे. त्याचा आंकडा सहसा हलत नाहीं. हलला तर यंत्राकडे संशयानें पाहावें. या वहीचा खर्च कांहींच नाहीं, आणि मला वाटतें म्हणूनच ती प्रथम बंद पडते.

शेंकडा तीन म्हणजे फार नव्हे असें कोणी म्हणेल. प्रौढ निरोगी माणसाची पहिल्या सेकंदाची फुंकर वयोमानानें वर्षास सुमारें २५ ते ३० मिलिलिटर कमी होते. तीन लिटरांत शेंकडा तीन म्हणजे ९० मिलिलिटर, अर्थात् तीन वर्षांचें वय. ज्या पाहण्यांत त्याच माणसांस पांच वर्षांनीं पुन्हां तपासतात, तेथें मधल्या काळांत यंत्र बदललें व जुनें-नवें यंत्र एकमेकांशीं ताडून पाहिलें नाहीं, तर सबंध गांव एका रात्रींत म्हातारा झाला असें दिसेल, किंवा उलट तरुण.

यंत्र ठीक असलें तरी काम निम्मेंहि झालेलें नसतें. रक्तदाब घेतांना माणसानें नुसतें स्वस्थ बसावयाचें असतें; या तपासणींत आंकडा त्याच्याकडून मिळवावा लागतो. म्हणून फुंकवून घेणारा माणूस हाच या कामांतला खरा कारागीर होय. अमेरिका व युरोप येथील श्वसनरोगतज्ज्ञांच्या संस्थांनीं मिळून २०१९ सालीं जे नियम प्रसिद्ध केले त्यांत चांगली फुंकर कशी ओळखावी हें नेमकें सांगितलेलें आहे. छाती पूर्ण भरल्यावर दोन सेकंदांहून अधिक थांबूं नये. सुरुवात एकदम व जोरानें व्हावी. चांचरत सुरुवात झाल्यामुळें आधींच निसटलेली हवा एकूण फुंकरीच्या शेंकडा पांच किंवा १०० मिलिलिटर, यांपैकीं जें अधिक असेल, त्याहून जास्त नसावी. पहिल्या सेकंदांत खोकला येतां कामा नये. ओठांच्या कडेनें हवा गळूं नये, जीभ वा दांत नळीच्या आड येऊं नयेत. आणि शेवट असा व्हावा कीं शेवटच्या एका सेकंदांत २५ मिलिलिटरहूनहि कमी हवा निघावी, किंवा माणूस पंधरा सेकंद तरी फुंकीत राहावा. अशा निदान तीन फुंकरी मिळवाव्या, आणि त्यांपैकीं सर्वांत मोठ्या दोहोंत १५० मिलिलिटरहून अधिक अंतर नसावें. प्रौढ माणसाकडून आठ वेळांपर्यंत प्रयत्न करून पाहावा. पुढें थकवा येतो.

यांपैकीं बहुतेक दोष यंत्रावर उमटणाऱ्या वक्ररेषेंत डोळ्यांस दिसतात. चांगल्या फुंकरीची रेघ कड्यासारखी सरळ वर चढते व मग उताराची पट्टी सांवकाश खालीं येऊन भुईस मिळते. खोकला आला तर उतारावर दांता पडतो, मध्येंच सोडलें तर रेघ कड्यावरून पडल्यासारखी तुटते. म्हणून नुसता आंकडा लिहून रेघ फेंकून देणें म्हणजे मोजणीचा नकाशा फाडून केवळ क्षेत्राचा आंकडा ठेवण्यासारखें होय. एक दोष मात्र रेघेंतहि सहसा सांपडत नाहीं, तो म्हणजे आरंभीं छाती पूर्ण न भरणें. अशा वेळीं दोन्ही आंकडे सारखेच घटतात, गुणोत्तर नीट दिसतें व रेघहि सुबक येते. तो ओळखण्याचा मार्ग दोन-तीन फुंकरी एकमेकींशीं ताडून पाहणें हा आहे. किंवा शेवटपर्यंत फुंकल्यावर त्याच नळींतून पुन्हां जोरानें पूर्ण श्वास आंत घ्यावयास लावणें. आंत गेलेली हवा बाहेर आलेल्याहून बरीच अधिक भरली, तर आरंभीं छाती रिकामी होती हें उघड होतें.

शिकवण्याच्या कामांत भाषेचें महत्त्व किती असावें! "दीर्घ निःश्वास टाका" असें म्हटलें तर आमच्या बायका उसासा टाकतील. "चूल पेटत नाहीं, फुंकणीनें एका दमांत पेटवायची आहे" असें म्हटलें तर लगेच समजेल. तरी फुंकणी हप्त्या-हप्त्यानें फुंकतात, ही संवय येथें मोडावी लागते. शिवाय आडोसा पाहिजे. पुरुषांच्या घोळक्यासमोर कोणतीहि पोक्त बाई गाल फुगवून, तोंड लाल होईपर्यंत फुंकणार नाहीं. एक चादर व एक दोरी एवढ्या खर्चानें गांवांतल्या निम्म्या लोकांचे आंकडे सुधारतील.

आतां मोठ्या पाहण्यांत हें सर्व कसें सांभाळतात तें पाहूं. 'बोल्ड' या नांवानें ओळखली जाणारी एक पाहणी अनेक देशांत झाली. तिचा पहिला मोठा वृत्तांत २००७ सालीं 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रांत आला. केपटाउन, ग्वांगझू, मनिला, साल्झबर्ग अशा बारा ठिकाणच्या, चाळीस वर्षें व त्यावरील ९,४२५ माणसांच्या फुंकरी तींत होत्या. पुढें मुंबई, पुणें, म्हैसूर व श्रीनगर या आपल्याकडील ठिकाणांचाहि समावेश झाला. मनिलाच्या आंकड्याची साल्झबर्गच्या आंकड्याशीं तुलना करावयाची तर दोन्हीकडचा गज एकच हवा. म्हणून सर्वत्र एकाच जातीचें यंत्र दिलें, फुंकवून घेणाऱ्यांस एकच शिक्षण दिलें, आणि परीक्षा उतरल्यावांचून कोणास कामावर घेतलें नाहीं. प्रत्येक फुंकरीची वक्ररेषा संगणकावरून एका मध्यवर्ती केंद्राकडे जाई. तेथील जाणकार ती पाहून गुण देत, आणि ज्या कामगाराचे गुण ठरलेल्या पातळीखालीं उतरत त्यास काम थांबवून पुन्हां शिकावें लागे. दक्षिण अमेरिका व मेक्सिको येथील पांच शहरांत 'प्लॅटिनो' नांवाची पाहणी झाली, तींतहि रेघा दूरच्या केंद्राकडे पाठवून तपासण्याची हीच रीत होती.

यांत मला सर्वांत पटलेली गोष्ट म्हणजे तपासणी काम चालू असतांनाच होते. आमच्या खात्यांत दप्तरतपासणी वर्ष उलटल्यावर व्हावयाची. तेव्हां शेरा मारतां येई; चूक दुरुस्त करण्यास शेतांत पीक उरलेलें नसे. एका तालुक्यांत पीक कापणीच्या प्रयोगांचीं वजनें मीं उतरून घेत असतां माझ्या ध्यानांत आलें कीं एका माणसाच्या सर्व वजनांचा शेवटचा आंकडा एक तर शून्य किंवा पांच आहे. शेतांतलें धान्य असें शिस्तीनें तोललें जात नाहीं. तो गृहस्थ कागद घरींच भरीत असे. श्वासाच्या पाहणींतहि उंचीच्या रकान्यांत १५०, १५५, १६० यांचीच दाटी झाली तर उंचीची पट्टी कोणी लावलीच नाहीं असें समजावें.

"परंतु हजारों माणसें मोजलीं म्हणजे लहानसहान चुका एकमेकींस खाऊन टाकतात," असें अनेक शहाणे लोक म्हणतात. कांहीं चुका खातात, कांहीं मुळींच खात नाहींत, आणि हा भेद शेतीच्याच उदाहरणानें उत्तम कळतो. सातारा जिल्ह्यांतील बुध येथें जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनीं १९४६ सालीं दाखवून दिलें कीं पीक कापणीसाठीं फार लहान तुकडे आंखले तर उत्पन्न नेहमीं खऱ्याहून अधिक येतें. कारण आखणीच्या रेघेवर जीं ताटें येतात तीं आंत धरावयाचीं कीं बाहेर, असा प्रश्न पडला म्हणजे माणसाचा हात तीं आंतच ओढतो. आणि तुकडा जितका लहान तितकी कांठावरच्या ताटांची संख्या मानानें जास्त. आतां असे शंभर तुकडे कापा कीं दहा हजार. चूक एकाच बाजूची असल्यामुळें ती बेरजेंत विरत नाहीं. उलट आंकडे पुष्कळ झाल्यामुळें चुकीच्या उत्तराविषयींच खात्री वाढते. घाईनें थांबविलेली फुंकर अशीच एका बाजूची चूक आहे. ती नेहमीं एकूण फुंकर घटविते, वाढवीत कधींच नाहीं. ज्या पथकानें हजार लोकांस दोन-दोन सेकंद फुंकविलें त्याच्या अहवालांत तो जिल्हा निरोगी निघेल, आणि औषधें शेजारच्या जिल्ह्यास जातील.

मग वाईट फुंकरी सरळ वगळून टाकाव्या काय? कागदपत्र नीटनेटके ठेवणाऱ्या माणसास हाच उपाय प्रथम सुचतो, मलाहि सुचला होता. परंतु येथें दुसरा खड्डा आहे. अमेरिकेंतील व्हर्मॉन्ट संस्थानांत ग्रॅनाइट दगडाचें काम करणाऱ्या कामगारांच्या तपासण्यांचा अभ्यास १९८४ सालीं प्रसिद्ध झाला. ज्यांच्या फुंकरी एकमेकींशीं जुळत नव्हत्या असे कामगार वगळले, तर नेमके ज्यांचीं फुप्फुसें जास्त बिघडत होतीं तेच अधिक प्रमाणांत वगळले जातात असें दिसून आलें. म्हणजे चांगला आंकडा देतां न येणें हेंच कित्येकदां आजाराचें लक्षण असतें. म्हातारा, खोकणारा, दमलेला माणूस वगळला आणि धट्टेकट्टे तेवढे मोजले, तर नोंदवही स्वच्छ होईल पण गांव राहणार नाहीं. यावरून पुढें १९८७ च्या अमेरिकन नियमांत, केवळ फुंकरी जुळत नाहींत या कारणासाठीं कोणाची तपासणी टाकून देऊं नये असें ठरलें. आतां प्रत्येक तपासणीस अ, ब, क अशी प्रत देतात, सर्व नोंदी ठेवतात, आणि वरच्या प्रतीचेच आंकडे घेतल्यानें व खालच्या प्रतीचे मिळविल्यानें उत्तर किती बदलतें तें दोन्ही रीतींनीं काढून पाहतात. किती माणसें बोलाविलीं, किती आलीं, कितींची फुंकर मान्य झाली, हे तीन आंकडे ज्या अहवालांत नसतील त्याच्या चवथ्या आंकड्याकडे मी तरी पाहाणार नाहीं.

फुंकर उत्तम झाली तरी ती कोणाशीं ताडावयाची हा प्रश्न उरतोच. निरोगी माणसाची अपेक्षित फुंकर वय, उंची व स्त्री-पुरुष भेद यांवरून काढतात. उंची अनवाणी, टांचा भिंतीस लावून मोजली पाहिजे. फेटा व अंबाडा यांच्या वरून नव्हे. वयाचें प्रकरण याहून कठीण. आमच्याकडे जुन्या माणसांस वय विचारलें तर "असेल साठ-सत्तर" असें उत्तर येतें, आणि दहा वर्षांच्या चुकीनें अपेक्षित आंकडा पाव लिटरच्या वर सरकतो. अशा वेळीं १९६७ चा कोयनेचा भूकंप किंवा १९७२ चा दुष्काळ आठवतो काय, तेव्हां लग्न झालें होतें कीं खडी फोडावयास आईबरोबर जात होतां, असें विचारून वय ठरवावें. वारसाच्या नोंदी करतांना आम्हीं असेंच करीत असूं.

राहिला अपेक्षित आंकड्याचा गज. अनेक देशांतील निरोगी लोकांच्या फुंकरी एकत्र करून २०१२ सालीं एक जागतिक कोष्टक तयार झालें, परंतु हिंदी उपखंडासाठीं त्यांत स्वतंत्र समीकरण देतां आलें नाहीं. पुढें वंशभेद न करणारें एकच समीकरण काढण्यांत आलें. कोणता गज लावला त्याप्रमाणें तोच माणूस एका कागदावर रोगी व दुसऱ्यावर निरोगी ठरूं शकतो. म्हणून पाहणी करणाऱ्यांनीं मूळ लिटर व मिलिलिटर जपून ठेवावे. गज पुढें बदलला तर हिशेब पुन्हां करतां येतो.

आपल्या गांवीं अशी पाहणी आली तर सभासदांनीं तीस नकार देऊं नये, परंतु डोळे मिटूनहि बसूं नये. तपासणीच्या आधीं तासभर विडी ओढूं नये, जड ओझें वाहून धापा टाकीत येऊं नये, कमरेचा कडदोरा वा पट्टा आवळलेला असल्यास सैल करावा. नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल, डोळ्याची शस्त्रक्रिया झाली असेल, किंवा खोकल्यांतून रक्त पडत असेल, तर तें आधीं सांगावें. अशा माणसानें जोरानें फुंकणें धोक्याचें आहे. प्रत्येकास नवी नळी किंवा नवा गाळणीचा तुकडा देतात कीं नाहीं तें पाहावें. सकाळीं तीन लिटरच्या नळ्यानें यंत्र तपासलें काय, असें सरपंचानें विनयानें विचारण्यास हरकत नाहीं. चांगलें पथक ती नोंद आनंदानें दाखवील. पाहणीची तारीखहि महत्त्वाची आहे. मळणीच्या भर हंगामांत धूळ खाल्लेलीं माणसें तपासलीं आणि दुसऱ्या वर्षीं तींच पावसाळ्यानंतर तपासलीं, तर दोन आंकड्यांतील फरक रोगाचा कीं हंगामाचा हें सांगतां येणार नाहीं. आणि एकदां फुंकवून "छान आहे" म्हणणाऱ्यास, "बाळ, आणखी दोनदां घे" असें म्हणण्याचा आपणांस अधिकार आहे.

वहिनीच्या घरीं आतां गॅसची शेगडी आली आहे. भाकरी मात्र अजून चुलीवरच लागते, त्यावरून आमचा वाद चालू आहे. ओढण्याचें औषध ती नेमानें घेते. शहरांतल्या त्या बाईनें दिलेला वक्ररेषेचा कागद मीं सातबाराच्या पुडक्यांत ठेविला आहे, आणि पुढच्या वर्षीं त्याच महिन्यांत, त्याच यंत्रावर पुन्हां फुंकावयाचें ठरविलें आहे.